बंकरमधून बॉल निघत नाही? रेक फिरवायच्या आधी रेतीतली खूण बघा

दिवाळीच्या आसपास आमच्या बडोद्याच्या गोल्फवाल्या मंडळींचं एकच रडगाणं चालू असतं, की बंकरमधून, म्हणजे कोर्सवरच्या रेतीच्या खड्ड्यातून, बॉल निघत नाहीये. एकदा मारला तर दोन फूट पुढे जाऊन परत घरंगळत पायाशी, चिडून दुसरा मारला तर ग्रीनवरून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून) सुसाट पलीकडच्या झाडीत, आणि पुढच्या रविवारी परत तेच. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांचा बंकर शॉट मे महिन्यात ठीकठाक चाललेला असतो. मग सल्ले सुरू होतात, डोकं हलवू नकोस, मनगट मोड, मनगट मोडू नकोस, जोरात मार, हळू मार. सगळे सल्ले कुणाच्या तरी बाबतीत बरोबर असतात आणि कुणाचं काय चुकतंय ते कुणीच बघितलेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे की बॉल कुठे गेला यावरून बंकरमधला बिघाड ओळखता येत नाही. तिथेच राहिलेला बॉल दोन-तीन वेगवेगळ्या कारणांनी राहतो, आणि पलीकडे उडालेला बॉल तर कधीकधी त्याच कारणाने उडतो ज्याने आधीचा राहिला होता. खरं कारण रेतीत लिहिलेलं असतं, क्लबने जी खूण सोडली तिच्यात. आणि आपण काय करतो, शॉट फसला की तणतणत रेक (रेती सपाट करायची दाताळी) उचलतो आणि पुरावाच पुसून टाकतो. तेव्हा आधी थांबा आणि खाली बघा: खूण बॉलच्या जागेच्या किती मागे सुरू झाली, किती खोल गेली आणि कुठपर्यंत गेली. मग खुशाल रेक मारा. (मारा मात्र नक्की, मागच्या माणसाचा बॉल तुमच्या बुटाच्या ठशात सापडला की तो तुमच्या सात पिढ्या काढतो.)

ग्रीनच्या बाजूच्या बंकरमधे बॉलला मारायचंच नसतं, हे सगळ्यांना ऐकून माहितीये पण हातांना पटत नाही. क्लब बॉलच्या साधारण दोन इंच मागे रेतीत शिरतो, बॉलच्या खालून सरकत जातो, पुढे निघतो, आणि बॉल त्या उडालेल्या रेतीबरोबर बाहेर येतो. आमच्याकडचे कॅडी चार शब्दांत सांगतात, "साहेब, बॉल नै, रेती मारो". पण बडोद्याचा माणूस म्हणजे हात आधी क्रिकेटने घडवलेले, अहो लक्ष्मी विलास पॅलेसच्या एकाच आवारात मोतीबागचं क्रिकेट मैदानही आहे आणि गोल्फ कोर्सही, तिथे दुसरं काय होणार. बंकरमधे उभं राहिलं की आपल्यातले निम्मे लोक यॉर्कर खोदून काढल्यासारखा क्लब खाली आणतात, म्हणजे दणका जमिनीत आणि हात तिथेच थांबले. बॅटचं ठीक आहे, तिथे चेंडूच वेगाने येतो. इथे बॉल बसलेला आहे, वेग सगळा तुम्हीच द्यायचाय आणि त्यातला बराचसा रेती खाऊन टाकणार.

आता खुणांकडे येऊ. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.

खूण खोल आणि आखूड, बॉल जागच्या जागी

सगळ्यात जास्त दिसणारी केस. अगदी खड्डा पडलेला असतो, मागची कड उभी, आणि पुढे निघायची वाटच नाही. याचा अर्थ क्लबची पुढची धारदार कड रेतीत घुसली आणि रुतून बसली. रुतू नये म्हणूनच तर सँड वेज हा रेतीतला खास क्लब बनवलाय. अमेरिकन गोल्फर जीन सॅराझेनने 1932 साली इंग्लंडमधल्या सँडविच गावाजवळच्या प्रिन्सेस कोर्सवर ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत हा नव्या प्रकारचा क्लब होता. त्याने जुन्या क्लबच्या सोलला (तळाला) मागून धातूची भर घालून मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आणली होती, म्हणजे रेतीला आधी मागची जाड कड लागते आणि क्लब खणायच्या ऐवजी सरकतो. यालाच आपण बाउन्स म्हणतो. तुमच्या वेजवर 56 आणि 12 असे दोन आकडे कोरलेले असतील तर पहिला लॉफ्ट (फेस मागे किती कललाय तो कोन) आणि दुसरा बाउन्स, दोन्ही डिग्रीत. फेस म्हणजे क्लबची बॉलला लागणारी बाजू.

तर बाउन्स तुमच्याकडे आहे, विकत घेतलेला आहे, पण तुम्ही तो वापरत नाही कारण फेस सरळ ठेवलाय किंवा हात बॉलच्या पुढे ढकलून शाफ्ट (क्लबचा दांडा) टार्गेटकडे झुकवलाय. फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) आयर्न हा क्लब मारताना ही सवय चांगली, इथे तिनेच घात होतो. शाफ्ट जेवढा पुढे झुकेल तेवढा बाउन्स कमी होतो आणि कुदळ तयार होते. फेस उघडा, शाफ्ट उभा ठेवा.

फेस उघडण्यातच एक बारीक गोची आहे आणि ती जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही. बहुतेक जण नेहमीसारखी ग्रिप धरतात आणि मग मनगटं फिरवून फेस उघडा करतात. दिसायला उघडा दिसतो, पण स्विंग खाली येताना मनगटं आपल्या मूळ जागी परत येतात आणि फेस पण त्यांच्याबरोबर बंद होऊन येतो. करायचं उलट: डाव्या हाताच्या दोन बोटांत क्लब सैल धरा, शाफ्ट गोल फिरवून फेस उजवीकडे वळवा, घड्याळात एक वाजता काटा जिथे असतो साधारण तिथपर्यंत, आणि त्यानंतर ग्रिप बसवा. डाव्या हाताच्या ग्लोव्हकडे बघून खात्री करा, ग्लोव्हचा लोगो नेहमीच्या जागी आणि क्लबचा फेस मात्र आभाळाकडे, असं दिसलं की जमलं. फेस उजवीकडे बघतोय म्हणून पाय आणि खांदे थोडे डावीकडे वळवा. फार नाही, काही लोक एवढे वळतात की मागच्या होलकडे खेळताहेत असं वाटतं.

खूण बॉलच्या बरीच मागे सुरू, उथळ, लांब

इथे दोन निकाल लागतात आणि म्हणूनच माणूस गोंधळतो. एकतर क्लब बॉलपर्यंत पोचेपर्यंत दमतो आणि बॉल राहतो, नाहीतर क्लब रेतीला आपटून उसळतो आणि बॉलच्या पोटावर बसतो, मग काय, गोळी सुटल्यासारखा. दोन्हीचं मूळ एकच, वजन उजव्या पायावर राहिलंय. आपल्याला वाटतं बॉल उचलायचाय म्हणून शरीर मागे कलतं आणि स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू मागे सरकतो. बॉल उचलायचं काम लॉफ्टचं आहे, तुमचं नाही. उभे राहतानाच साठ टक्के वजन डाव्या पायावर टाका आणि पूर्ण स्विंगभर ते तिथेच राहू द्या. बॉल स्टान्समधे (पायांच्या ठेवणीत) मध्यापेक्षा थोडा पुढे, डाव्या टाचेच्या बाजूला. हे केलं की निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम तिथेच संपतो, खरंच सांगतो, बाकी काही बदलायची गरजच पडत नाही.

खूणच नाही, किंवा बॉलच्या पुढे सुरू

म्हणजे क्लब थेट बॉलला लागला. हे बऱ्याचदा आधी एक-दोन शॉट फॅट झाल्यावर (क्लब बॉलच्या फार मागे रेतीत गेल्यावर) होतं, भीतीने हात आखडतात आणि छाती वर उठते. उपाय साधा आहे, नजर बॉलवरून काढा. बॉलच्या दोन इंच मागे एखादा वेगळ्या रंगाचा कण निवडा आणि क्लब रेतीत जाईपर्यंत डोळे त्याच्यावरच ठेवा. दुसरं म्हणजे गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकवा, पाय रुंद ठेवा, हात खाली घ्या, आणि ती बैठक शेवटपर्यंत सोडू नका. पाय रेतीत रुतवून उभे राहिलात की तुम्ही बॉलपेक्षा थोडे खाली जाता, त्यामुळे ग्रिप पण तेवढीच खाली धरा, नाहीतर परत खणाल.

खूण एकदम बरोबर पण बॉल अर्ध्यावर पडतो

अभिनंदन, तुमचं टेक्निक ठीक आहे, वेग कमी पडतोय. गवतावरून तेवढ्याच अंतराला जेवढा स्विंग कराल त्यापेक्षा इथे कितीतरी मोठा लागतो, आणि छातीपर्यंतच फॉलो-थ्रू करून थांबायचं नाही, छाती टार्गेटकडे वळली पाहिजे. लांबचा बंकर असेल, तीस-चाळीस यार्डांचा, तर सँड वेजने जीव काढण्यापेक्षा गॅप वेज किंवा पिचिंग वेज (दोन्हींचा लॉफ्ट सँड वेजपेक्षा कमी) घ्या आणि तोच स्विंग करा.

आता मूळ प्रश्न, की मे मधे जमतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे का जमत नाही. कारण स्विंग तोच असला तरी रेती ती राहिलेली नसते. आपला सगळा पट्टा काळ्या मातीचा. पावसाळ्यात कडेची माती वाहून रेतीत मिसळते, चिकणमातीचा बारीक गाळ दाण्यांच्या मधे जाऊन बसतो, आणि ऊन पडलं की वर पापडी धरते, खाली मात्र ओल तशीच. उन्हाळ्यातल्या भुसभुशीत कोरड्या रेतीत जो बाउन्स तुम्हाला वाचवतो तोच या टणक रेतीवर क्लबला उसळवतो. म्हणजे यूट्यूबवर बघून फेस आणखी उघडाल तर बॉल आणखी दूर झाडीत जाईल. टणक रेतीत उलट करायचं: फेस जवळजवळ सरळ, बाउन्स कमी असलेला वेज, बॉलच्या मागे दोन इंचाऐवजी एकच इंच, आणि स्विंग थोडा छोटा कारण बॉल लवकर आणि खाली निघतो, पुढे पळतोही जास्त. ग्रीनवर जागा असेल आणि लिप (बंकरची उभी कड) नसल्यात जमा असेल तर ओल्या घट्ट बंकरमधून पटर वापरणारे पण आहेत, आणि त्यांना हसू नका, त्यांचा बॉल ग्रीनवर असतो.

रेती कशी आहे हे कळणार कसं? पायांनी. स्टान्स घेताना बूट रुतवायला नियमात पूर्ण परवानगी आहे, त्या दोन सेकंदांत तळव्याला कळतं की वर पापडी आहे का, खाली किती मऊ आहे. हाताने किंवा क्लबने मुद्दाम चाचपून बघायला मात्र बंदी, बॉलच्या लगेच पुढे-मागे क्लब टेकवायचा नाही, प्रॅक्टिस स्विंगमधे रेतीला लावायचा नाही, बॅकस्विंगमधे पण नाही. स्ट्रोक प्लेमधे (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोकची पेनल्टी. अमेरिकन गोल्फर डस्टिन जॉन्सनला विचारा, 2010च्या पीजीए चॅम्पियनशिपमधे शेवटच्या होलवर त्याला ती जागा बंकर आहे हेच कळलं नाही, क्लब टेकवला आणि दोन स्ट्रोक लागून प्लेऑफमधून बाहेर. एक सोय मात्र 2019च्या नियमांपासून झालीये, बंकरमधली पानं, काड्या, खडे आता उचलता येतात, फक्त उचलताना बॉल हलता कामा नये. कडुनिंबाखाली बंकर असेल तर याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पावसाचं पाणी साचलेलं असेल तर बंकरच्या आतच, होलच्या जवळ न जाता, फुकट ड्रॉप (बॉल उचलून दुसरीकडे टाकायची मुभा) मिळतो, बंकरच्या बाहेर घ्यायचा असेल तर एक स्ट्रोक. आणि अगदीच हात टेकले, बॉल लिपखाली अडकलाय वगैरे, तर अनप्लेएबल घेऊन, म्हणजे बॉल खेळण्याजोगा नाही असं जाहीर करून, दोन स्ट्रोक देऊन बाहेर मागच्या बाजूला ड्रॉप घेता येतो. लोक हा पर्याय विसरतात आणि आत सहा मारतात. जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमासारखा खेळाडू 1978च्या ब्रिटिश ओपनमधे स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर पटरने बॉल बंकरमधे घालून बसला, बाहेर काढायला चार स्ट्रोक लागले आणि होलवर नऊ लिहिले, तर आपली काय कथा.

अर्धा बॉल रेतीत गाडला गेला असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. तिथे खणायचंच असतं. फेस सरळ किंवा किंचित बंद, वजन डावीकडे, क्लब उभा वर न्या आणि बॉलच्या मागे दणकून खाली आणा, फॉलो-थ्रू झाला नाही तरी चालतो. बॉल बाहेर येईल पण स्पिन नसेल, लांब पळेल, त्याचा हिशेब आधी करून ठेवा आणि पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) नादी लागू नका.

उतारावर एकच सूत्र: खांदे उताराला समांतर. चढावर असाल तर बॉल उंच जाऊन लगेच पडतो, जास्त मारा. उतारावर तोंड करून असाल तर तो सगळ्यात अवघड शॉट आहे, तिथे क्लब रेतीच्या उताराबरोबर खाली खाली जाऊ द्यावा लागतो आणि बॉल खालूनच निघतो, बाहेर पडला तरी देवाला नमस्कार करा. बॉल पायांपेक्षा वर असेल तर ग्रिप खाली धरून थोडं उजवीकडे नेम धरा, खाली असेल तर गुडघे वाकवून थोडं डावीकडे.

प्रॅक्टिस कशी करायची यावर थोडं जास्त लिहितो कारण इथे लोक वेळ वाया घालवतात, टोपलीभर बॉल घेऊन एकामागून एक मारत सुटतात. पहिला अर्धा वेळ बॉलच नको. प्रॅक्टिस बंकरमधे रेतीवर एक लांब रेघ ओढा, तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा, म्हणजे रेघ डाव्या टाचेच्या थोडी आत, आणि रेघेवर क्लब शिरतोय का एवढंच बघत रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जा. शेवटी वळून बघितलं की सगळ्या खुणा एका ओळीत दिसतात, कुठली मागे सुरू झाली कुठली पुढे, लपवालपवी चालत नाही.

मग नोटेचा ड्रिल. अमेरिकन लोक डॉलरच्या नोटेएवढी रेती कापायला सांगतात, आपल्याकडे पाचशेची नोट त्या मापाच्या जवळ आहे, 150 मिलिमीटर लांब आणि 66 रुंद. नोट रेतीवर ठेवून बोटाने चौकट काढा, नोट खिशात टाका (हे विसरू नका, कॅडी विसरणार नाही), आणि चौकटीच्या मधोमध बॉल ठेवा. बॉलचा व्यास 42.67 मिलिमीटर, म्हणजे चौकटीची मागची कड बॉलच्या मागच्या बाजूपासून 54 मिलिमीटर येते, दोन इंचाच्या किंचित वर, बरोबर जिथे क्लब शिरायला पाहिजे. आता बॉल विसरून ती अख्खी चौकट पातळ थरात उडवायची. खोली नोटेच्या बंडलाएवढी, त्यापेक्षा जास्त नाही. चौकट पूर्ण उडाली की बॉल आपोआप ग्रीनवर असतो, आणि नाही उडाली तर कुठला भाग उरलाय ते बघून वरच्या खुणांमधलं काय लागू होतं ते कळतं. मागची कड शाबूत म्हणजे उशिरा शिरलात, पुढची शाबूत म्हणजे हात थांबले.

प्रॅक्टिस बंकर नसेल तर सिंधरोटकडे महीच्या काठची रेती आहे, सकाळी लवकर जाऊन पाण्यापासून लांब, कोरड्या भागात रेघा मारता येतात. विश्वामित्रीच्या काठी जायची हुशारी मात्र कुणी करू नका, तिथल्या मगरींना तुमच्या फॉलो-थ्रूमधे काही इंटरेस्ट नाही. घराच्या अंगणात बांधकामाची रेती टाकून पण चालतं, पण आधी चाळणीतून काढा, त्यातले खडे सोलवर असे ओरखडे पाडतात की नवीन वेजचं तोंड बघवत नाही, आणि खडा उडून डोळ्यात गेला तर ते वेगळंच.

फेअरवे बंकरचा, म्हणजे ग्रीनपासून लांबच्या बंकरचा, कुणीतरी विचारणारच म्हणून थोडक्यात: तिथे यातलं काहीच लागू नाही. तिथे आधी बॉल, मग रेती. एक क्लब मोठा घ्या, ग्रिप एक इंच खाली धरा, पाय फार रुतवू नका, कमरेखालचं अंग शांत ठेवा आणि तीन-चतुर्थांश स्विंग करा. पण त्याही आधी लिप बघा, हातातल्या क्लबचा लॉफ्ट ती पार करेल की नाही याची खात्री नसेल तर सरळ वेज घ्या, जवळच्या बाजूने फेअरवेवर काढा आणि बोगी (पारपेक्षा, म्हणजे होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक जास्त) लिहून पुढच्या टीवर (पुढचा होल सुरू होतो तिथे) चला.